हुस्बीत घर घेऊ का? आणि 'नको' म्हणणाऱ्या चौदा जणांना एक प्रश्न

निवांत_नाना

गेल्या आठवड्यात आपल्या स्टॉकहोमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एका नव्या मुलाने विचारलं: पुण्याहून येतोय, ऑफिस किस्ट्यात, हुस्बीत दोन खोल्यांचं घर वर्षभरासाठी पोटभाड्याने मिळतंय, घेऊ का? दहा मिनिटांत चौदा उत्तरं आली. सूर एकच. 'हुस्बी नको रे बाबा', 'रिंकेबी-टेन्स्टाकडे तर फिरकूही नकोस'. एकाने जळणाऱ्या गाड्यांचा फोटो चिकटवला, तो मे २०१३ चा निघाला. चौदांपैकी हुस्बीत कधी राहिलेलं कुणीही नाही. मी एकेकाला विचारून घेतलं.

घर घ्यायचं की नाही ते त्याचं तो बघेल. मला डाचलं ते एक वाक्य: 'या लोकांनी चांगल्या वस्त्यांची वाट लावली.' कुठले लोक आणि कुठल्या चांगल्या वस्त्या, ते जरा बघू.

या सगळ्या वस्त्या ज्या भागात येतात तो येर्वा, मुळात लष्कराच्या सरावाचं माळरान. (उच्चार येर्वाच आहे. येरवड्याचे विनोद सगळे करून झालेत, नवा सुचला तरच लिहा.) टेन्स्टा, रिंकेबी, हुस्बी, अकाला, किस्टा ही तिथल्या जुन्या शेतकरी वस्त्यांची नावं. टेन्स्ट्याच्या कडेला स्पॉन्गाचं मध्ययुगीन चर्च अजून उभं आहे. १९६० च्या दशकात स्टॉकहोममध्ये घरासाठी वर्षानुवर्षं रांगेत थांबावं लागे. जुन्या इमारतींत एकेका खोलीत, न्हाणीघराशिवाय कुटुंबं राहत होती. तेव्हा सोशल डेमोक्रॅट सरकारने ठरवलं की १९६५ ते १९७४ या दहा वर्षांत दहा लाख घरं बांधायची. देशाची लोकसंख्या तेव्हा ऐंशी लाखांच्या आत! आणि नुसतं ठरवलं नाही, बांधली. 'मिलियोनप्रोग्रामेत' म्हणतात ते हेच.

टेन्स्ट्यात पहिली बिऱ्हाडं १९६७ च्या सुमाराला आली. रिंकेबी १९६८ ते ७१ मध्ये उभं राहिलं. राहायला आलेले बहुतेक स्वीडिश कामगार आणि लहान मुलंबाळं असलेली जोडपी. घरं आली, मेट्रो मात्र आली १९७५ साली. मधली सगळी वर्षं चिखल, बस आणि अपुरी दुकानं. वर्तमानपत्रांनी काँक्रीट म्हणून झोडपायला सुरुवात केली ती तेव्हाच. सोमालियातून लोक यायला अजून वीसेक वर्षं होती! मग सत्तरच्या दशकात महागाई वाढली, गृहकर्जाच्या व्याजावर करसवलत मिळत होती, त्यामुळे स्वतःचं बैठं घर घेणं भाड्याच्या घरापेक्षा फायद्याचं झालं. ज्यांना जमलं ते गेले. फ्लॅट ओस पडले. त्या ओस फ्लॅटमध्ये कुणाला पाठवलं? ज्यांना दुसरीकडे कुणी उभं करत नव्हतं त्यांना.

तर वाट कुणी लावली?

व्यवहारी_वाघ

नाना, लेख झकास. पण तो पोरगा इतिहासात राहायला जाणार नाहीये, चौथ्या मजल्यावर राहायला जाणार आहे.

चूक कुणाची हा एक प्रश्न. मी बायकोला आणि दोन वर्षांच्या मुलाला घेऊन तिथे राहू का, हा दुसरा. तुम्ही पहिल्याचं उत्तर देऊन दुसराही सुटल्याचा आव आणताय. २०१५ पासून स्वीडिश पोलीस जोखमीच्या भागांची यादी काढतात, त्यातही 'विशेष जोखमीचे' असा वेगळा वर्ग असतो. रिंकेबी-टेन्स्टा आणि हुस्बी, दोन्ही त्या वर्गात आलेले आहेत. ही यादी कुठल्या व्हॉट्सॅप काकांनी बनवलेली नाही. टोळ्या आहेत, गोळीबार होतात, पंधरा-सोळा वर्षांची पोरं त्यात ओढली जातात. हे म्हटलं की लगेच आम्ही पूर्वग्रहदूषित. सल्ला मागितला तर काय, स्पॉन्गाच्या चर्चचा इतिहास सांगायचा?

टीस्क्वेअर

'वाट कुणी लावली' यात आमच्या वास्तुरचनेच्या धंद्याचं नाव येणारच, म्हणून आधीच हजेरी लावतो.

तिथल्या इमारती पट्टीने आखल्यासारख्या सरळ का आहेत? क्रेनमुळे. क्रेन रुळांवरून पुढेमागे सरकणार आणि कारखान्यातून तयार होऊन आलेल्या काँक्रीटच्या भिंती दोन्ही अंगांना उचलून ठेवणार. रुळाला वळण दिलं की खर्च वाढतो. त्यामुळे गल्लीची रेघ माणसाच्या चालण्यावरून ठरली नाही, क्रेनच्या चालण्यावरून ठरली. त्यात हजाराच्या वर घरांच्या प्रकल्पांना कर्जात झुकतं माप होतं. मग कोण कशाला छोटं बांधेल?

पण 'दहा लाख घरं म्हणजे दहा लाख खुराडी' हे साफ चूक. त्यातली सुमारे एक तृतीयांश घरं बैठी, अंगणवाली आहेत. उरलेल्यांतल्या कितीतरी इमारती फक्त तीन मजली. त्यांच्याबद्दल कुणी धागा काढत नाही, कारण तिथे जरा बऱ्या पगाराची माणसं टिकली. योजना तीच, दहा वर्षं तीच, सिमेंटही तेच. म्हणून नुसत्या आराखड्याला फाशी देता येत नाही (आणि हे मी स्वतःच्या बचावासाठी म्हणत नाहीये, थोडंसंच म्हणतोय).

ज्यांनी या घरांत पाऊल टाकलेलं नाही त्यांनी एकदा टाका. स्वयंपाकघराला खिडकी, कपाटांच्या भिंती, बाल्कनी, दारातून आत येताच पडवीसारखी ऐसपैस जागा. आपल्याकडच्या बिल्डरला हे दाखवलं तर तो त्यात दोन फ्लॅट काढेल.

हुस्बीची_सून

मी राहते हुस्बीत. सहा वर्षं झाली. चौदा जणांनी मला का नाही विचारलं, कारण मी त्या ग्रुपवर नाही.

वाघोबांना आधी उत्तर. हो, एकदा आमच्या चौकात पोलिसांची निळी-पांढरी पट्टी लागली होती, रात्रभर हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं. त्या आठवड्यात मी घर बदलायचा विचार केला होता. खोटं कशाला बोलू.

बाकीचे दिवस कसे असतात तेही ऐका. माझी लेक दुसरीपासून एकटी शाळेत जाते. वाटेत एकही गाडीचा रस्ता ओलांडावा लागत नाही. त्या काळच्या नियोजनात गाड्या आणि पायी चालणारे पूर्ण वेगळे केले होते, पायवाटा पुलांवरून आणि भुयारातून जातात. किस्ट्याच्या काचेच्या ऑफिसांत बसून जे 'काँक्रीट' म्हणतात त्यांनी आपल्या मुलांना शाळेत सोडायला रोज किती वेळ जातो ते मोजावं. कोथिंबिरीची जुडी मनगटाएवढी जाड मिळते, भेंडी मिळते, मेथी मिळते, आणि दुकानदार पिशवीत दोन मिरच्या वरून टाकतो. गावातल्या मोठ्या दुकानात कोथिंबीर कुंडीत लावून विकतात, चार काड्या.

शाळेत मुलांना घरची भाषा शिकवतात त्या मातृभाषेच्या तासाचं म्हणाल तर हुस्बीत कुणी चमकून बघत नाही, वर्गातल्या बहुतेक मुलांना तो असतोच. मराठीसाठी नगरपालिकेत किमान पाच मुलांची मागणी हवी आणि शिकवणारा मिळायला हवा. मुलं जमतील, शिक्षक मिळत नाही. सल्ला देणाऱ्या चौदांपैकी कुणाला शिकवायची हौस असेल तर कळवा.

आता नाना, तुमच्यावरही राग आहे. 'ज्यांना दुसरीकडे कुणी उभं करत नव्हतं.' मला कुणी पाठवलं नाही हो इथे. मी घर बघितलं, भाडं बघितलं, नवऱ्याचं ऑफिस पायी वीस मिनिटं, म्हणून घेतलं. वाघ आम्हाला धोकादायक ठरवतात, तुम्ही बिचारे ठरवता. तिसरं काही असतं की नाही?

किमलिंगेचं_भूत

येर्वावर धागा आणि माझा उल्लेख नाही? हालोनबेर्येन आणि किस्टा यांच्यामध्ये माझं स्टेशन बांधलं, आजवर उघडलंच नाही. मेट्रो तिथून नुसती धडधडत जाते. आसपास सरकारी कचेऱ्या येणार होत्या, आल्या नाहीत. वस्ती फसली म्हणताना निदान तिथे वस्ती आहे याचं कौतुक करा. माझ्याकडे तीही नाही.

टेन्स्टा_१९७८

उशिरा लिहितोय, मराठी टायपिंगला वेळ लागतो.

मी १९७८ साली टेन्स्ट्यात राहायला आलो. तुम्ही ज्याला 'परप्रांतीय वस्ती' समजता ती एका फटक्यात झाली नाही, थर चढत गेले. माझ्या जिन्यात शेजारी फिनलंडचे. नॉर्डिक देशांत कामगारांना मोकळी ये-जा १९५४ पासून होती, त्यामुळे फिनिश लोक सगळ्यांत जास्त. वर एक ग्रीक कुटुंब, १९६७ मध्ये तिकडे लष्कराने सत्ता घेतली तेव्हा निघालेलं. खाली तुर्कस्तानातल्या कोन्या प्रांतातल्या कुलूचे लोक. एक आला, त्याने भावाला बोलावलं, भावाने मेव्हण्याला, असं करत रिंकेबीत आणि आमच्याकडे कुलूची अख्खी आळी वसली. त्या कुलू गावात स्वीडनचे माजी पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांच्या नावाची बाग आहे, हे किती स्वीडिश लोकांना ठाऊक असेल कोण जाणे. १९७२ मध्ये कामगार संघटनांनी बाहेरून कामगार आणणं थांबवायला लावलं. मग १९७३ च्या उठावानंतर चिलीचे निर्वासित आले. इराणी, इराकी, सोमाली हे सगळे त्यानंतर.

आणि तेव्हाचं सरकार नुसतं माणसं कोंबून मोकळं झालं होतं असंही नाही. १९७६ पासून परदेशी नागरिकांना स्थानिक निवडणुकीत मत देता येऊ लागलं. १९७७ साली शाळेत मातृभाषा शिकवण्याचा कायदेशीर हक्क मिळाला, सूनबाई ज्या तासाचं म्हणताहेत तो त्यातलाच. टेन्स्टा मेट्रो स्टेशनात उतरलात तर भिंती बघा. हेल्गा हेन्शेन या चित्रकर्तीने ते स्टेशन सजवलं आणि त्याला नाव दिलं 'स्थलांतरितांना एक गुलाब'. 'भावंडपण' हा एकच शब्द तिथे अनेक भाषांत लिहिलाय. मी कामावर जाताना रोज त्यात देवनागरी शोधायचो.

नाना म्हणतात स्वीडिश लोक निघून गेले. खरं आहे. पण १९८६ साली मीही गेलो. घाबरून नाही. पगार वाढला, बायकोला जमिनीत गुलाब लावायचे होते, तेही खरेखुरे. माझ्याआधी तो ग्रीक गेला होता. जो सावरला तो निघाला आणि त्याच्या जागी नुकताच आलेला शिरला. माझ्या मते ती वस्ती बिघडली नाही, ती धर्मशाळेसारखी चालत राहिली. आपण फक्त धर्मशाळेत कोण उतरलंय ते बघतो, तिथून कोण कोण पुढे गेलं ते मोजत नाही.

शब्दवेडी

काका, मुजरा.

थोडं अवांतर. या वस्त्यांतल्या ज्या बोलीला लोक हसतात तिला 'रिंकेबीस्वेन्स्का' (रिंकेबीची स्वीडिश) हे नाव उल्ला-ब्रिट कोट्सिनास या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात रूढ केलं. ही मोडकी स्वीडिश नव्हे, इथेच जन्मलेल्या पोरांनी आपापसांत घडवलेली बोली आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. काकांच्या कुलूकरांकडून आलेला 'गुस' (मुलगी) आणि 'केफ' (भंगार, वाईट) हे शब्द २००६ मध्ये स्वीडिश अकादमीच्या शब्दसूचीत दाखल झाले. साहित्याचं नोबेल देणारी अकादमी तीच. आणि १९८८ पासून अशी प्रथा आहे की ते नोबेल घ्यायला आलेले लेखक रिंकेबीच्या शाळकरी मुलांना भेटायला जातात. मुलं आधी त्या लेखकाचं वाचून तयारी करतात.

आपल्या ग्रुपवरच्या चौदांपैकी किती जणांनी शेवटच्या नोबेलवाल्याची एक तरी ओळ वाचली असेल? मी नाही वाचली, कबूल.

आकडेमोड

सगळं हळवं चाललंय म्हणून थोडं खारं पाणी.

'सरकारने पाठवलं' ही अर्धीच कथा. १९८० च्या मध्यापासून निर्वासितांना देशभरातल्या नगरपालिकांत विखरून ठेवायचं धोरण होतं. लोकांनीच ते झुगारलं, कारण उत्तरेकडच्या गोठलेल्या गावात ना ओळखीचं माणूस ना काम. १९९४ मध्ये कायदा आला: आश्रय मागणाऱ्याने स्वतःची सोय स्वतः केली तरी भत्ता मिळेल. मग माणूस कुठे जाईल? चुलतभावाच्या दिवाणखान्यात. आणि चुलतभाऊ हुस्बीत. एका घरात दोन-दोन, तीन-तीन कुटुंबं झाली ती अशी. २०२० मध्ये सरकारने नियम बदलला, ठरावीक भागांत जाऊन राहिलात तर भत्ता बंद. म्हणजे निवड होती, आणि त्या निवडीचे परिणाम शाळांनी भोगले. ज्या वर्गात एकालाही घरून स्वीडिश येत नाही तिथे शिक्षकाने काय जादू करावी?

निवांत_नाना

आकडेमोड, निवड म्हणता, पण शहरातल्या भाड्याच्या घरांची रांग तुम्हीही अनुभवलीय. नंबर लागायला वर्षानुवर्षं जातात. ज्याने काल देशात पाऊल ठेवलं त्याचा नंबर कायम शेवटी. उरतं पोटभाडं, आणि पोटभाडं ओळखीतून मिळतं. ओळखीचा माणूस जिथे राहतो तिथेच घर मिळणार. याला निवड म्हणायचं तर म्हणा बापडे.

सूनबाई, 'बिचारे' वाली टपली लागली. मागे घेतो.

आकडेमोड

नाना, तोच मुद्दा मला मराठी लोकांबद्दल करायचा होता, तुम्हीच करून दिलात. आपण किस्ट्यात कामाला, आणि राहतो कुठे? एकाने शेजारच्या सोलेन्टुनात घर घेतलं, मग त्याच्या टीममधल्याने, मग त्याच्या शाळूसोबत्याने. तिथे गणपतीची आरती जिन्यापर्यंत ऐकू येते. त्याला आपण 'कम्युनिटी' म्हणतो. कुलूच्या माणसाने हेच केलं की ते 'समांतर समाज'.

व्यवहारी_वाघ

बरं झालं सोलेन्टुनाचा विषय निघाला. नाना, आपला मुक्काम कुठे असतो?

निवांत_नाना

सोलेन्टुना. बैठं घर, मागे दोन सफरचंदाची झाडं.

हसा.

व्यवहारी_वाघ

हसत नाही. पण तुम्ही स्वतः तिथे राहत नाही आणि दुसऱ्याच्या पोराला राहायला लावण्यासाठी बाराशे ओळी लिहिता, याची नोंद घ्या. मी निदान जिथे राहणार नाही तिथे राहू नको म्हणतो. माझ्यात आणि तुमच्यात प्रामाणिक कोण?

टीस्क्वेअर

नानांनी राहा म्हटलंच नव्हतं, 'वाट कुणी लावली' एवढंच विचारलं होतं. धागा परत वाचा.

आणि त्या प्रश्नाचं एक टोक राहिलं. येर्वाच्या उत्तर भागाची कल्पनाच अशी होती की अकाला, हुस्बी, किस्टा इथे घरं आणि त्याला लागूनच कामाच्या जागा, म्हणजे माणसाने पायी कामावर जावं. सत्तरच्या दशकात एरिक्सन आणि आयबीएम किस्ट्यात आले. पण ते काम जिन्यातल्या शेजाऱ्यांसाठी नव्हतं, आपल्यासारख्यांसाठी होतं. आपण बाहेरून येतो, सकाळी मेट्रोतून किस्ट्याला उतरतो. आणि हुस्बीचा माणूस त्याच गाडीत चढून गावातल्या ऑफिसांची साफसफाई करायला जातो. फलाटावर रोज समोरासमोर येतो आपण, चेहरे ओळखीचे झालेत. त्यामुळे 'त्या लोकांच्या' वस्तीबद्दल बोलताना आपण प्रेक्षक नाही, त्याच नकाशाचा भाग आहोत. सूनबाईंचा नवरा पायी ऑफिसला जातो तेव्हा पन्नास वर्षांनी का होईना, मूळ आराखडा बरोबर ठरतो.

हुस्बीची_सून

त्याला सांगते तू आराखडा बरोबर ठरवलास म्हणून. डबा विसरून गेलाय आज.

नवा_गडी

नमस्कार. ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं तो मी.

सगळं वाचलं, दोनदा. दरम्यान हुस्बीचं ते घर गेलं. मालकीणबाईंना मी 'दोन दिवसांत कळवतो' म्हटलं होतं, त्यांनी एरिट्रियाच्या एका जोडप्याला देऊन टाकलं. त्यांनी पाच मिनिटांत हो म्हटलं म्हणे.

काकांनी व्यक्तिगत निरोपात टेन्स्ट्यातल्या एकाचा नंबर दिलाय, त्यांच्याच जुन्या जिन्यातला. शनिवारी सकाळी बघायला जातो. आणि एक शंका: सगळे 'किस्टा' लिहिताय, पण मेट्रोत तर 'शिस्ता' म्हणतात. मी मुलाखतीत तीन वेळा किस्टा म्हणालो.

व्यवहारी_वाघ

किस्टा म्हणालास तरी नोकरी मिळाली, चालतंय. घर सकाळी बघू नकोस. संध्याकाळी जा. नोव्हेंबरात चारलाच अंधार पडतो, स्टेशनपासून घरापर्यंत चालत जा आणि मग ठरव.

टेन्स्टा_१९७८

संध्याकाळी जरूर जा, वाघांचं ऐक. स्टेशनच्या भिंतीवर देवनागरी सापडली तर मला फोटो पाठव. माझी नजर तेव्हाही अधूच होती.

हुस्बीची_सून

आणि तळघरातली कपडे धुण्याची खोली बघितल्याशिवाय सही करू नकोस. तिथल्या नोंदणीच्या फळ्यावर (आपल्या वेळेच्या खाचेत आपलं कुलूप अडकवायचं असतं) रविवारची एकही खाच मोकळी नसेल तर घर कितीही चांगलं असो, दुसरं शोध.